दातांसाठी काय खावं, यापेक्षा दिवसातून किती वेळा खाता हा प्रश्न मोठा का आहे?

दात ठणकायला लागला की घरात आधी लवंग शोधली जाते. मग लवंगेचं तेल, मग मेडिकलमधून आणलेली एखादी गोळी, आणि हे सगळं करून झालं की डेंटिस्ट. लवंगेतल्या युजेनॉलमुळे थोडा वेळ बधिरपणा येतो, ठणका कमी होतो, पण कीड तिथेच असते. तोवर ती नसेपर्यंत पोहोचते आणि साध्या फिलिंगमध्ये वाचला असता तो दात रूट कॅनॉल, मग कॅप असं करत काही हजारांचा होतो. शिवाय बहुतेक आरोग्य विम्यांमध्ये दातांचा हा नेहमीचा खर्च बसत नाही.

त्यामुळे ‘दात मजबूत करणारे १० पदार्थ’ छापाच्या रील्सना भरपूर व्ह्यूज मिळतात, यात नवल नाही. त्यांतले बरेच पदार्थ खरोखर चांगले असतात. अडचण एवढीच की दूध, तीळ, आवळा असं सगळं खाणाऱ्यांचेही दात किडतात, आणि ते का, हे त्या यादीतून कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात जवळपास ३५० कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. किडलेले दात आणि हिरड्यांचे आजार हे त्यातले मोठे वाटेकरी. दोन्हींचा संबंध ताटाशी आहे, पण वेगवेगळ्या पद्धतीने.

दात ‘किडतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

मराठीत आपण दाताला कीड लागली म्हणतो. या शब्दामुळे दातात खरोखरच अळी असते असं अजूनही अनेकांना वाटतं, आणि जत्रेत ‘कीड काढून दाखवणाऱ्यां’चं त्यावरच चालतं. दातात अळी नसते. असतात ते बॅक्टेरिया. त्यातला सर्वात बदनाम स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स.

दाताचं बाहेरचं पांढरं आवरण म्हणजे इनॅमल. शरीरातला हा सर्वात कठीण भाग, हाडापेक्षाही कठीण. त्याचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग खनिजांचा असतो, मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. पण त्यात जिवंत पेशी नसतात. हाड मोडलं तर जुळून येतं, इनॅमलला खड्डा पडला तर तो आपोआप भरत नाही.

आपण साखर खातो तेव्हा दातांवरच्या चिकट थरातले, म्हणजे प्लाकमधले बॅक्टेरियाही ती खातात आणि आम्ल तयार करतात. दाताजवळचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल पातळ करते, त्याची तीव्रता मारते आणि स्वतःमधलं कॅल्शियम-फॉस्फेट दाताला परत देते. खड्डा पडण्याआधीच्या टप्प्यावरची झीज अशी भरूनही निघते.

म्हणजे दाताची रोज थोडी झीज होते आणि थोडी दुरुस्ती. दुरुस्तीला वेळ मिळाला की दात टिकतो. अमेरिकेतले संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं होतं. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातांवरचा पीएच झपकन खाली येतो आणि पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. दंतवैद्यकाच्या पुस्तकांत आजही तो आलेख ‘स्टीफन कर्व्ह’ नावाने शिकवला जातो.

स्वीडनमधला टॉफीचा प्रयोग

साखर किती खाल्ली आणि कधी खाल्ली, यातलं जास्त घातक काय? याचं उत्तर एका अशा प्रयोगातून मिळालं, जो आज कुठलीही नीतिमत्ता समिती मंजूर करणार नाही.

स्वीडनमधल्या लुंड शहरात विपेहोल्म नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांना तिथे ठेवलं जाई. १९४५ मध्ये तिथल्या रहिवाशांवर आहार आणि दात यांचा अभ्यास सुरू झाला. काहींना जेवणासोबत साखर देण्यात आली, काहींना गोड पाव, काहींना चॉकलेट. एका गटाला रोज २४ टॉफ्या मिळत. या टॉफ्या मुद्दाम जास्त चिकट बनवलेल्या होत्या. ज्यांचे दात पणाला लागले होते त्यांची संमती कुणी घेतली नव्हती, आणि ती देण्याच्या स्थितीत ते नव्हतेही. मिठाई उद्योगाचाही या अभ्यासाला हातभार होता.

निकाल स्पष्ट होता. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांच्या दातांत नव्या किडीचं प्रमाण फार वाढलं नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात मात्र भराभर किडले. १९५४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांना गोड रोज न देता फक्त शनिवारी द्यायचं, ही स्वीडनमधली आजही चालणारी पद्धत त्यातूनच रुजली.

आता आपल्या दिवसाचा हिशेब

मुंबई-पुण्यातल्या नोकरदार माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी उठल्यावर चहा आणि दोन बिस्किटं. नऊ वाजता नाश्ता आणि पुन्हा चहा. अकराला ऑफिसखालच्या टपरीवर कटिंग. दुपारचं जेवण. चारला चहा-खारी. घरी जाताना ट्रेनमध्ये एखादं पेपरमिंट, घरी पोहोचल्यावर परत चहा, आणि रात्री जेवण झाल्यावर ‘काहीतरी गोड’.

हे आठ वेळा झालं. प्रत्येक वेळी दात अर्धा तास जरी आम्लात राहिले, तरी चार तास होतात. यातला एकही पदार्थ कुणाला ‘गोडधोड’ वाटणार नाही. उलट या माणसाला कुणी विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगेल, ‘मी गोड फारसं खातच नाही.’

चहातल्या साखरेचं प्रमाणही बघा. कपाला दोन चमचे धरले तर आठ ते दहा ग्रॅम, चार कपांचे चाळीसच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम ठेवली तर आणखी बरं. नुसत्या चहानेच ही दुसरी मर्यादा ओलांडली जाते.

म्हणूनच सणाला जेवणात तूप घालून खाल्लेल्या दोन पुरणपोळ्या दातांना जेवढा त्रास देतात, त्यापेक्षा दिवसभर तासातासाने तोंडात टाकलेली गोळी जास्त देते. पुरणपोळीचा हल्ला एकदाच होतो, जेवताना लाळही भरपूर सुटलेली असते. दिवाळीत खरी अडचण ताटातल्या करंजीची नसते, येता-जाता उघडल्या जाणाऱ्या फराळाच्या डब्याची असते.

गूळ, मध चालेल का?

तब्येतीसाठी गुळाचा चहा प्यायचा, ही सध्याची फॅशन आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतांश भाग साखरच. मधही तसाच. बॅक्टेरियांना पांढरी साखर आणि सेंद्रिय गूळ यांतला फरक कळत नाही. तिळगूळ आणि चिक्कीत तीळ, शेंगदाणे गुणी आहेत, पण पाक दाढांच्या खाचांत बसतो. जेवणाच्या शेवटी खाऊन वर पाणी प्यायलं तर नुकसान बरंच कमी होतं.

यापेक्षा चकवणारी गोष्ट म्हणजे स्टार्च. वेफर्स, कुरकुरीत पाकिटं, बिस्किटं, खारी, टोस्ट हे चावल्यावर लगदा होऊन दाढांना चिकटून बसतात. लाळेतलं एन्झाइम त्या स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतं, आणि ती बॅक्टेरियांच्या कामी येते. खाणाऱ्याला चॉकलेट जास्त चिकट वाटतं, प्रत्यक्षात चॉकलेट विरघळून लवकर निघून जातं आणि बिस्किटाचा लगदा जास्त वेळ टिकतो. नाचणीचं बिस्किटही याला अपवाद नाही. ते आधी बिस्किट असतं, मग नाचणी.

मग खावं काय?

आपल्या नेहमीच्या जेवणात दातांच्या बाजूने बोलणारे पदार्थ बरेच आहेत. त्यासाठी काही महागडं आणावं लागत नाही.

पहिला मान दुधाच्या पदार्थांचा. दुधात कॅल्शियम, फॉस्फेट आणि केसीन नावाचं प्रथिन असतं, आणि हे तिन्ही इनॅमलच्या बाजूचे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बॅक्टेरियांना फारशी सोयीची नसते. जेवणानंतर चीजचा तुकडा खाल्ला तर दातांवरचा पीएच पटकन वर येतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. आपल्याकडे जेवणानंतर चीज कुणी खात नाही, पण ताक पितात, आणि तेही चांगलंच. इथे एक गंमत आहे. दही-ताक आंबट असतं, त्याचा पीएच ५.५ पेक्षा कमी असतो, मग ते इनॅमल विरघळवत का नाही? कारण त्यात आधीच इतकं कॅल्शियम-फॉस्फेट असतं की दातातून आणखी बाहेर पडायला वावच राहत नाही. ही सवलत साध्या दही-ताकाला आहे. साखर घातलेल्या लस्सीला आणि फ्लेवर्ड योगर्टला ती लागू नाही.

दूध पचत नसेल किंवा परवडत नसेल तर नाचणी आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या तेवढ्याच दुधात सुमारे १२०. सालासकट तीळ याहून कितीतरी पुढे आहेत. अर्थात १०० ग्रॅम तीळ कुणी एका वेळी खात नाही, आणि त्यातलं सगळं कॅल्शियम अंगीही लागत नाही. पण भाकरीबरोबर तिळाची चटणी रोज खाणाऱ्याला ते मिळत राहतं.

कॅल्शियमबद्दलचा एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. मोठ्या माणसाच्या तयार झालेल्या इनॅमलमध्ये पोटातलं कॅल्शियम रक्तातून जाऊन बसत नाही. गोळ्या घेऊन किडलेला दात बरा होत नाही. आहारातल्या कॅल्शियमचा मोठा उपयोग दात घडत असताना होतो, म्हणजे आईच्या पोटात असल्यापासून साधारण सात-आठ वर्षांपर्यंत. त्यानंतर ते दाताला धरून ठेवणाऱ्या जबड्याच्या हाडासाठी लागतं. आणि ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व, म्हणजे बऱ्याच अंशी ऊन, लागतं.

याच गैरसमजाचं दुसरं रूप म्हणजे ‘बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं’. बाळ असं काही करत नाही. गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, उलट्यांमुळे आम्ल दातांवर येतं, थोडं थोडं सतत खाल्लं जातं आणि मळमळीमुळे ब्रश नीट होत नाही. दात यामुळे बिघडतात. उलटीनंतर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरणं हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

गाजर, काकडी, मुळा, पेरू, ज्वारीची भाकरी अशा चावून खायच्या पदार्थांचा खरा फायदा लाळेत आहे. जितकं चावाल तितकी लाळ सुटते. गाजर-सफरचंद खाल्लं की दात घासल्यासारखे साफ होतात, हे मात्र खरं नाही. प्लाक जमतो तो हिरडीच्या कडेला आणि दोन दातांच्या फटीत, तिथे गाजर पोहोचत नाही. जेवणानंतरची साधी बडीशेप याच कारणाने चांगली. हॉटेलच्या काउंटरवरची रंगीत, साखरेचं कवच असलेली बडीशेप म्हणजे छोट्या छोट्या गोळ्याच.

हिरड्यांची गोष्ट वेगळी

हिरड्यांसाठी क जीवनसत्त्व लागतं. हिरडी ज्या कोलॅजनच्या धाग्यांनी दाताला घट्ट धरते, ते बनवायला शरीराला ते हवंच असतं. पूर्वी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजून रक्त यायचं, दात गळून पडायचे. हा आजार स्कर्व्ही. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे सर्वांत लवकर बरे झाले.

आपल्याकडे यासाठी संत्र्याचीही वाट बघायला नको. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं आणि मोठ्या माणसाची रोजची गरज १०० च्या आतच भागते. म्हणजे एक मध्यम पेरू पुरे. आवळा तर आहेच. मोरावळ्यात साखर किती, हे मात्र विसरू नये.

पण आज ज्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, त्यांतल्या बहुतेकांना स्कर्व्ही नसतो. हिरडीच्या कडेला प्लाक साचून सूज आलेली असते. आवळा खाऊन तो प्लाक निघत नाही. उलट रक्त येतं म्हणून अनेक जण त्या जागी ब्रश फिरवायचंच सोडतात, आणि सूज वाढते. मधुमेह असेल तर हे चक्र जास्त जोरात फिरतं. वाढलेल्या साखरेमुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांतल्या सुजेमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं.

जेवणानंतर तोंडात टाकल्या जाणाऱ्या एका गोष्टीला मात्र मुखवास म्हणणंच चुकीचं आहे. सुपारी, मग ती सुगंधी असो वा साधी, कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांच्या जागतिक यादीत पहिल्या गटात आहे. तिच्यामुळे गाल आतून ताठर होतात आणि तोंड उघडेनासं होतं. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण अनेक घरांत, विशेषतः बायकांच्या हाताशी, मिश्रीची डबी आजही असते. दात घासायला म्हणून लावली जाणारी मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरडी बधिर होते, त्यामुळे ‘आराम पडतो’ असं वाटतं, आणि आतला आजार दिसत नाही.

आंबट पदार्थ आणि ब्रशची वेळ

रोज सकाळी रिकाम्या पोटी लिंबूपाणी पिणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, कोल्ड्रिंक्सचाही साधारण तसाच. इथे बॅक्टेरियांची गरजच नाही, आम्ल थेट दातावर येतं. जेवताना वरणावर पिळलेल्या लिंबाची चिंता नको. चिंता आहे ती घोट घोट करत तासभर चालणाऱ्या बाटलीची. असं काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं. आधी पाण्याने चूळ, आणि ब्रश अर्ध्या-एक तासाने.

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच’

या एका वाक्यामुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलांच्या दाढा गेल्या असतील. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर मागचे दात पुढे सरकतात आणि नव्यांना जागा उरत नाही. त्याहून मोठी गडबड सहाव्या वर्षाच्या आसपास होते. तेव्हा दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना कळतच नाही की ही आयुष्यभराची दाढ आहे. तिच्यावर खोल खाचा असतात आणि तोपर्यंत मुलाला बिस्किटं, चोकोबार, ज्यूसची पाकिटं यांची सवय लागलेली असते.

त्याआधीच्या वयात धोका बाटलीचा. साखर घातलेलं दूध तोंडात असतानाच बाळ झोपलं की समोरचे वरचे दात आधी जातात, कारण झोपेत लाळ अगदी कमी सुटते. दुधात साखर न घालणं आणि दूध संपल्यावर पाण्याचे दोन घोट देणं, एवढ्याने बराच फरक पडतो. मोठ्यांनाही हाच नियम आहे. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही. खोकल्याची गोड सिरप असतील तर ती ब्रशच्या आधी.

पाण्याचा विषय निघाला आहे तर फ्लोराइडबद्दलही. थोडं फ्लोराइड इनॅमलला आम्लापुढे टिकायला मदत करतं, म्हणून ते टूथपेस्टमध्ये असतं. पण चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत बोअरवेलच्या पाण्यातच ते जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते ठीक मानलं जातं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त पाणी लहानपणी पोटात गेलं तर दातांवर पांढरे, पिवळे-तपकिरी डाग येतात. ते ब्रशने किंवा कुठल्याही पदार्थाने जात नाहीत. तिथे उपाय दाताचा नसून पाण्याच्या स्रोताचा आहे.

उतारवयात हिशेब बदलतो

वय वाढलं की हिरडी खाली सरकते आणि दाताचं मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं, त्यामुळे ते इनॅमलपेक्षा सौम्य आम्लातही विरघळू लागतं. त्यातच रक्तदाब, ॲलर्जी, नैराश्य यांवरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणजे दुरुस्ती करणारी लाळच कमी होते. आणि चावता येत नाही म्हणून आजी-आजोबांच्या ताटातून आधी भाकरी जाते, मग काकडी, मग पेरू. त्यांची जागा चहात बुडवलेलं बिस्किट आणि टोस्ट घेतात.

अशा घरात पेरू किसून, गाजराची कोशिंबीर बारीक करून, नाचणीची आंबील ताकात करून देता येते. कोरडेपणासाठी गोड गोळी चघळायला देण्यापेक्षा पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा, साधी बडीशेप द्यावी. आणि तोंड सतत कोरडं पडतंय हे डेंटिस्टबरोबरच गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावं. बऱ्याचदा गोळी किंवा तिची वेळ बदलता येते.